कोरड्या फिल्टरला पाजलेलं तेल

वसराम,

तुझ्या मृत्यूची बातमी मीच दिली. चार ओळींची. त्यातले 'मनमिळाऊ स्वभावाचे' हे शब्द माझे नव्हते. ते डेस्कवर कुणीतरी घातले. तिथे प्रत्येक मेलेल्या माणसाला ते घालतात. शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली व एक भाऊ असा परिवार आहे' असं छापून आलं, ते मात्र मी लिहिलं होतं. 'भाऊ' लिहिताना हात थांबला. पण वस्तुस्थिती तशी होती, म्हणून तो शब्द राहू दिला.

बाकीचं बातमीत बसणारं नव्हतं. ते इथे लिहितो. तुला माहीत असलेल्या काही गोष्टीही पुन्हा सांगतो, कारण वाचणाऱ्यांना त्या माहीत नाहीत.

औंढ्याच्या स्टँडवर तुझी जीप उभी असायची, तेव्हा आपला जिल्हाही परभणीच होता. स्टँडपासून तुझ्या तांड्यापर्यंत रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. माळाची चढण, मध्ये ओढ्याचं कोरडं पात्र, आणि दिवाळीनंतर बैलगाड्यांनी मळलेल्या वाटेवर घोट्याएवढा फुफाटा. काळ्या रानातली ती धूळ पिठासारखी. एसटी तिकडे जात नव्हती. तू जायचास. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला कापूस, कोंबड्या, म्हाताऱ्या, बाळंतिणी सगळं घेऊन जायचास आणि संध्याकाळच्या आत परत आणायचास.

त्या जुन्या जीपच्या बॉनेटखाली एक गोल डबा होता. इंजिन हवा ओढतं ती त्या डब्यातून. खाली वाटी, वाटीत रेघेपर्यंत तेल, वर तारेची जाळी. हवा आत येऊन तेलावर आपटते, धूळ तेलात बसते, साफ हवा पुढे जाते. एवढंच त्याचं शास्त्र. तू ती वाटी दर बाजाराच्या आदल्या दिवशी उघडायचास. तळाशी काळा चिखल बसलेला असायचा. बोटाने तो उचलून स्टँडवरच्या माणसांना दाखवायचास.

"ही बघा तुमच्या गावची जमीन. हिचा सातबारा माझ्या नावावर हाय."

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "मग पेर की वाटीत ज्वारी." तू म्हणायचास, "पेरली असती, पण तुमची गुरं सोडता ना तुमी." मग चिखल फेकून, वाटी डिझेलने धुऊन, नवं तेल ओतायचास. रेघेच्या वर थेंब जाऊ द्यायचा नाहीस. जास्त झालं तर इंजिन तेलच ओढून घेतं, हे तू एकदा दुसऱ्याच्या गाडीचं झालेलं पाहिलं होतंस. बंद न होणारं ते इंजिन, त्याची किंकाळी, पळणारी माणसं. तू ते इतकं हुबेहूब करून दाखवायचास, की चहावाला किटली खाली ठेवून बघत राही.

तुझा धाकटा भाऊ किसन हे सगळं तुझ्याकडूनच शिकला. तुझे आईवडील लवकर गेले. किसनला तू वाढवलंस, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, तांडा बोलायचा. गाडीवर मात्र तो तुझ्याहून हलक्या हाताचा निघाला. ओढ्यातून जीप काढताना तू इंजिन ओरडवायचास, तो न ओरडवता काढायचा. म्हाताऱ्या त्याच्या शेजारची जागा धरायच्या. हे तुला आवडायचं की खुपायचं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असावं.

मग जिल्हा वेगळा झाला, वर्दळ वाढली आणि तुम्ही दोघांनी मिळून नवी जीप घेतली. भाड्याची कमाई सारखी वाटून घ्यायची, एक दिवस तू चालवायची, एक दिवस त्याने. तिचं बॉनेट उघडलंस आणि तुझा चेहरा पडला. वाटी नव्हती. तेल नव्हतं. गोल डब्यात घड्या घातलेला पिवळट कागद होता, वर-खाली रबराची कडी.

"हे काय? वही ठेवली का आत?" तू विचारलंस.

"कोरडा फिल्टर हाय, दादा," किसन म्हणाला. "ह्याला तेल लावायचं न्हाई म्हणून सांगितलंय. झटकायचा, आतून हवा मारायची, खराब झाला की बदलायचा."

"काहून न्हाई लावायचं?"

"कागद हाय ना तो."

"कागदानं धूळ अडती व्हय? अरे, अंगणात सडा टाकल्याबिगर धूळ बसती का? तुझी वहिनी रोज काहून शेण-पाणी करून राहिली मग? कोरड्या अंगणात झाडू मारला तर धूळ घरात येती. ही अक्कल बाईला हाय, कंपनीला न्हाई."

स्टँड हसला. किसनही हसला. तुझा तो दाखला चुकीचा होता, पण ऐकताना पटत होता, हे मान्य करायला हवं. तुझ्या तांड्यातल्या प्रत्येक घराने धूळ ओलाव्यानेच बसवली होती, कागदाने नाही.

या विषयावर आपलं भांडण बरेच दिवस चाललं. मी नांदेडला सुट्या भागांच्या दुकानांत विचारून आलो होतो. तुला सांगितलं, तेलाचा फिल्टर फुफाट्यात टिकतो, धुऊन पुन्हा वापरता येतो, पण अगदी बारीक धूळ त्यातून थोडी निसटते आणि गाडी कलली की तेल हलतं. कागदाचा फिल्टर बारीक धूळही अडवतो, पण आपल्या वाटेवर लवकर भरतो आणि सारखा बघावा लागतो. दोन्ही आपापल्या डब्यात बरोबर आहेत. तू म्हणालास, "तू दोन्हीकडून बोलतो. पेपरात पण असंच लिहितो का?" मी म्हणालो, हो. तू म्हणालास, "म्हणून तुझा पेपर आमी भज्याला वापरतो."

भांडणात किसन आला की तुम्ही दोघे तुमच्या बंजारा गोरबोलीत शिरायचात. मला त्यातला 'फिल्टर' तेवढा कळायचा.

त्या वर्षी तुरी निघण्याच्या दिवसांत ते घडलं. बाजाराचा दिवस होता, पाळी किसनची. जवळा बाजारहून परतताना जीप माणसांनी भरलेली. माळाच्या चढाला ती दम टाकू लागली. मागून काळा धूर. किसनने माणसं उतरवली, बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा खोलला. मग जीप पुन्हा सुरू केली, तेव्हा ती चढली. म्हाताऱ्या तांड्यापर्यंत पोहोचल्या. पण दुसऱ्या दिवशी औंढ्याला येईपर्यंत तिचा धूर निळा झाला होता आणि आवाज बदलला होता. मिस्त्रीने इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा झिजून गेलेल्या, सिलिंडरच्या लायनरवर खरवडल्यासारख्या रेघा. धुळीने खाल्लेलं इंजिन कसं दिसतं ते सगळ्या स्टँडने पाहिलं. आणि फिल्टरचा डबा रिकामा होता.

तू सगळ्यांसमोर विचारलंस, "फिल्टर कुठाय?"

किसन म्हणाला, "काढला."

"काढून चालवली?"

"व्हय."

एवढंच तो बोलला. तुला तेवढं पुरलं. तू स्टँडवर हात पसरून ओरडलास, "बघा रे! बिगरफिल्टर चालवली ह्यानं! भावाचं इंजिन खाल्लं!"

त्या दिवसापासून त्याचं नाव बिगरफिल्टर पडलं. आधी स्टँडवर, मग गॅरेजात, मग तांड्यावर. लहान लेकरंही म्हणू लागली. तू एकदाही कुणाला थांबवलं नाहीस.

मी तिथे होतो. मिस्त्री हात पुसत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "एक दिन का काम नहीं है ये, साहब. महीना-दो महीना धूल पिया है इंजिन. लेकिन दोनों भाई की बात है, मेरेको बीच में मत लेव." मी ते तुला त्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालास, "मिस्त्रीला काय कळतं? तू बातम्या लिही." मी विचारलं, फिल्टर आधीपासून खराब असेल तर? तू पान आणायला उठून गेलास. तेव्हाच मला शंका आली.

इंजिन बांधून घेतलं, पण भागीदारी तुटली. औंढ्यात कुणीही किसनच्या हातात गाडी दिली नाही. दोन-तीन मालकांकडे तो गेला. एक जण म्हणाला, "भावाच्या गाडीचं हे केलंस, आमच्या गाडीचं काय करशील?" तुझ्याकडे चौकशी आली, तेव्हा तू 'चांगला चालवतो' असं म्हणाला असतास तरी भागलं असतं. तू म्हणालास, "बघा तुमचं तुमी." नंतरच्या हंगामात किसन ऊसतोडीच्या टोळीत गेला. ज्याच्या शेजारी बसायला म्हाताऱ्या भांडायच्या, तो दुसऱ्याच्या ट्रकमध्ये मागे, पालाच्या बांबूंवर बसून साखर कारखान्याकडे गेला. त्यानंतर दरवर्षी गेला.

आता तुझ्या बाजूचं लिहितो, कारण तेही खरं आहे. माझी आई अत्यवस्थ झाली तेव्हा गावातल्या दोन गाडीवाल्यांनी कारणं सांगितली. तू भरलेली जीप रिकामी केलीस. माणसांना म्हणालास, "उतरा, आज एसटीनं जा, ही माझी पण माय हाय." नांदेडपर्यंत तू एकदाही जोरात ब्रेक लावला नाहीस. आई वाचली, पुढे बरीच वर्षं जगली, आणि तू त्याचा उल्लेख कधी केला नाहीस. मी आभार मानायला लागलो की विषय बदलायचास. तुझ्यावर रागावताना ही गोष्ट दर वेळी आडवी येते. माणूस एकच वाईट काम करतो आणि बाकी सगळी चांगली करतो, तेव्हा हिशोब कसा मांडायचा, हे मला ठरवता आलेलं नाही.

काही वर्षांनी तू ती नवी जीप मोडीत काढलीस आणि कुठूनतरी जुनी, तेलाच्या फिल्टरची घेतलीस. आपण जवळा बाजारच्या हॉटेलात बसलो होतो. बाजार भरलेला, बाहेर मिरच्यांचे ढीग. मी सहज विचारलं, पुन्हा तेलाचीच का? तू बराच वेळ बशीत चहा हलवत राहिलास. मग म्हणालास, "त्या कागदाला तेल मीच पाजलं व्हतं."

मी विचारलं, कधी, कसं?

"दिवाळी झाल्यावर. ब्रशनं. चांगलं घडी-घडी उघडून लावलं. किसन न्हवता तवा. वाटलं, चालली की दाखवीन त्याला. म्हणीन, बघ, कंपनीला अक्कल न्हाई, तुझ्या भावाला हाय."

तेल प्यायलेला कागद कसा वागतो, हे तोपर्यंत तुला समजलं होतं. छिद्रं बुजतात, हवा कोंडते, इंजिन जोर लावून ओढतं, भिजलेला कागद मऊ पडून घडीवर फाटतो, आणि मग सगळा फुफाटा थेट आत. महिनाभर जीप तशी चालली होती. निम्मे दिवस तुझ्या हाताखाली.

"हे किसनला कधी सांगणार?"

"सांगतो."

"कधी?"

"होळीला. होळीला येतो तो. सगळा तांडा असतो. सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

"सगळ्यांसमोर नको सांगूस. त्याला एकट्याला सांग."

"न्हाई. सगळ्यांच्या म्होरं नाव घातलं, सगळ्यांच्या म्होरं काढतो."

हे तू बोललास तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, वसराम. ते इथे नोंदवून ठेवतो.

होळी आली. मुकादमाची परवानगी काढून किसन आला. होळीची लेंगी गाणी गायली गेली, तूच ढोल धरला होतास. तू सांगितलं नाहीस. मी विचारलं, तर म्हणालास, "खुशीचा दिस हाय, काहून खराब करायचा?" पुढच्या होळीला म्हणालास, "पोरीचं लग्न जमून राहिलंय, सोयऱ्यांत बोभाटा व्हईल." त्याच्या पुढच्या होळीला मी विचारलं नाही, आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. आपण एका ताटात बसून पोळी खाल्ली. मला तू शपथ घातली होतीस, की तू सांगेपर्यंत मी बोलायचं नाही. बातमी ज्याची आहे त्याने ती द्यावी, हा माझ्या धंद्याचा नियम आहे, म्हणून मी शपथ पाळली. तुला वाटत होतं, वेळ आहे.

तुझ्या दिवसकार्याला मी तांड्यावर आलो. किसन आधीच आला होता. दसरा झालेला, टोळ्या निघायच्या बेतात. जेवणं झाल्यावर माणसं लिंबाखाली बसली. तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक होते, स्टँडवरचे ड्रायव्हर होते, मिस्त्री होता. तू गेलास तशी शपथ संपली, असं मी धरलं होतं. जे तुला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. काही जोडलं नाही, काही गाळलं नाही.

मग नायक म्हणाले, "साहेब, माणूस गेला. गेलेल्याच्या नावानं असं बोलू न्हाई."

मी म्हणालो, तो स्वतः माझ्याजवळ बोललाय.

एक ड्रायव्हर म्हणाला, "बोलला असंल. पर आता तो उठून जबाब देणार हाय का? जित्ता व्हता तवा काहून न्हाई काढलं?"

"भावाची कड घेऊन राहिले साहेब," दुसरा कुणीतरी म्हणाला.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तुझ्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती घरात गेली. तेवढ्यात किसनच म्हणाला, "साहेब, राहू द्या."

तो मला माळाच्या कडेपर्यंत पोहोचवायला आला. वाटेत म्हणाला, "मला माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"तेलाचं. चढावर डबा खोलला तवाच वास आला. कागद हातात आला तर पिळून निघावा असा. फाटलेला. मी वळखलं, दादानं केलंय. मागं माणसं बघून राहिली व्हती. म्हटलं, हे स्टँडवर गेलं तर दादाचं हसू व्हईल. वढ्यात फेकून दिला."

मी त्याला विचारलं, की मग त्या दिवशी बोलला का नाहीस.

"दादानं इचारलं, काढला का. मी म्हटलं, व्हय. मला वाटलं, घरी गेल्यावर इचारंल, कसा व्हता फिल्टर. तवा सांगीन. त्यानं कधी इचारलंच न्हाई."

तुझ्यासाठी हे लिहितो आहे, वसराम, तेव्हा नीट ऐक. तुझी अब्रू वाचवायला त्याने स्वतःचा एकुलता पुरावा ओढ्यात फेकला, आणि त्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवून तू त्याची अब्रू घेतलीस. पुढची सगळी वर्षं तो होळीला येऊन तुझ्या ढोलासमोर नाचायचा, तेव्हा तुला जे सांगायचं होतं ते त्याला आधीच माहीत होतं. तो फक्त तू म्हणण्याची वाट बघत होता.

"मी सांगायला नको होतं का?" मी विचारलं.

"तुमचं बराबर हाय," किसन म्हणाला. "पर दादानं सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तुमी सांगितलं, तर ती चुगली झाली."

पुढच्या बाजाराच्या दिवशी वहिनींनी त्याला जीपची चावी दिली. दोन मुलींची आई म्हणून बोलल्या, वहिनी म्हणून बोलल्या. "किसन, तू चालव. घरातली गाडी घरात राहू दे." तो नको म्हणत होता. मग गेला. वाटी उघडली, चिखल काढला, डिझेलने धुतली, तेल भरलं. जीप झाडून तांड्याच्या तोंडाशी आणून उभी केली. बाजाराला जाणारी माणसं आली. त्याला रामराम घातला, तुझ्याबद्दल हळहळले, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपची वाट बघत उभे राहिले. एक म्हातारी चढून त्याच्या शेजारी बसली होती. तिच्या मुलाने आईला गोरबोलीतली हाक मारली, "याडी, उतर. ती गाडी बाजार गाठायची न्हाई." म्हातारी थोडा वेळ बसून राहिली. मग उतरली.

किसनने जीप वळवली, दारात लावली, चावी वहिनींच्या हातात दिली आणि तो टोळीच्या ट्रककडे गेला. गाडी आता विकायला काढली आहे.

आमच्या पेपरात चुकीचं काही छापलं गेलं, तर खुलासा छापतात. तो ज्याचा त्याने द्यावा लागतो, त्याच्या सहीने. दुसऱ्या कुणी पाठवला तर डेस्क तो टोपलीत टाकतो. हा नियम मी तुला कधी सांगितला नव्हता. सांगायला हवा होता असंही नाही. तांड्याचा नियम तोच आहे, आणि तो तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. किसनचं नाव साफ करू शकणारा माणूस सगळ्या औंढ्यात एकच होता. त्याला आम्ही मागच्या महिन्यात माती दिली.